दोन घाट, एक बेट: कोकणी माणूस मॉरिशसला पोहोचला, कॅरिबियनला का नाही?

गणेशचतुर्थी जवळ आली की दिवा जंक्शनचे रूप पालटते. सावंतवाडीच्या गाडीत पाय ठेवण्यापुरती जागा मिळावी म्हणून माणसे रात्रीपासून फलाटावर पथारी टाकतात. कुणाला चिपळूणला उतरायचे असते, कुणाला राजापूरला, कुणाला कणकवलीला. याच दिवसांत येथून सुमारे साडेचार हजार किलोमीटर दूर, विषुववृत्ताच्या पलीकडे, एका बेटावर गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते. तेथेही मूर्ती येतात, आरत्या होतात आणि 'झाकरी' नावाचा फेर धरला जातो. कोकणातील जाखडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

ते बेट म्हणजे मॉरिशस. झाकरीचा फेर धरणाऱ्यांचे खापरपणजोबा रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यातून गेले. त्यांना तेथे नेले ते साखरेने. साखरेच्या त्या व्यवस्थेचा जन्म मात्र मॉरिशसमध्ये झालेला नव्हता. तो झाला अटलांटिकच्या पलीकडे, कॅरिबियन बेटांवर. त्यामुळे कोकणी माणसाच्या या प्रवासाची गोष्ट बार्बाडोस, जमैका आणि त्रिनिदादपासूनच सुरू करावी लागते. त्यातून एक प्रश्नही उभा राहतो. त्रिनिदाद आणि गयाना येथे लाखो भारतीय गेले, आज तेथे त्यांचे वंशज राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान होतात. मग त्यांच्यात मराठी समाज का नाही?

आधी नकाशा उघडावा. कॅरिबियन म्हटले की आपल्याला एकसारख्या नारळी-पोफळींची बेटे दिसतात; ती एकसारखी नाहीत. मार्टिनिक, सेंट व्हिन्सेंट ही ज्वालामुखीची बेटे. १९०२ साली माँ पेले फुटला आणि सें-पिएर हे शहर काही मिनिटांत सुमारे २८ हजार माणसांसह संपले. बार्बाडोस प्रवाळ-चुनखडीचे, जवळजवळ सपाट आणि मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीएवढे. त्रिनिदाद म्हणजे दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा, म्हणून तेथे तेल आणि डांबराचे नैसर्गिक तळे. गयाना तर बेटही नाही. ती मुख्य भूमी आहे, पण इतिहासाने तिला बेटांच्या पंगतीला बसवले.

या विविध भूमींना एकत्र बांधले ते उसाने. १६४० च्या दशकात बार्बाडोसने तंबाखू सोडून ऊस लावला आणि पुढील दोन शतकांचा साचा ठरून गेला: जमीन थोड्या गोऱ्या मळेवाल्यांची, श्रम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे, पीक एकच, आणि ग्राहक समुद्रापार. असे बेट स्वतःचे अन्नसुद्धा पिकवत नसे. बेटाला लोकसंख्याही वाढवायची नव्हती. माणूस मेला की दुसरा विकत आणायचा, हा हिशेब तेथे उघडपणे मांडला जाई. या हिशेबाला सर्वांत मोठे उत्तर फ्रेंचांच्या सें-दोमिंगने दिले. १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. त्याची शिक्षाही लांबलचक होती. १८२५ साली फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची 'भरपाई' मागितली. ती पुढे ९ कोटींवर आली, पण ती फेडताना आणि त्यासाठी काढलेले कर्ज फेडताना हैतीच्या पिढ्या खर्ची पडल्या. गुलामांनी मालकांना भरपाई दिल्याचे असे उदाहरण जगात दुसरे सापडणे कठीण.

ब्रिटिश वसाहतींत १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली. येथेही भरपाई दिली गेली ती मालकांनाच, एकूण २ कोटी पौंड. मुक्त झालेल्या सुमारे आठ लाख माणसांना काहीही मिळाले नाही. उलट काही वर्षे 'शिकाऊ' या नावाखाली त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. ती मुदत संपताच अनेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि मळेवाल्यांनी मजुरांचा नवा साठा शोधायला सुरुवात केली. तो त्यांना हिंदुस्थानात सापडला.

आता हिंद महासागराकडे यावे. मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हते. डचांनी १५९८ साली त्याला आपल्या राजपुत्राचे नाव दिले, जावाहून ऊस आणला, डोडो पक्षी नामशेष होण्यास हातभार लावला आणि १७१० साली ते बेट सोडून दिले. पाठोपाठ फ्रेंच आले, त्यांनी त्याला 'ईल द फ्रान्स' म्हटले आणि गुलामांच्या श्रमावर पोर्ट लुई उभारले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. तरीही १८२५ पर्यंत ते साखरेचे बेट झालेले नव्हते, कारण इंग्लंडमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेला सवलत होती, मॉरिशसच्या साखरेला नव्हती. त्या वर्षी जकात समान झाली आणि डोंगरउतारापर्यंत ऊस चढला. एका अर्थाने मॉरिशस १८२५ साली 'कॅरिबियन' झाले.

भूगोलाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेला तो दगड. तो बेसॉल्ट आहे, आणि मुंब्रा-दिव्याच्या माथ्यावरचा पारसिक डोंगरही बेसॉल्टचाच. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा केवळ योगायोग नाही. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त केंद्रातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला, त्याच केंद्रावरून भूपट्ट सरकत गेला आणि फार नंतर मॉरिशस व रियुनियन वर आले. सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस त्या बेटावर उतरला तेव्हा त्याच्या पायाखाली एका अर्थाने ओळखीचाच दगड होता. अक्षांशही जवळजवळ आरशातले: ठाणे १९ अंश उत्तर, मॉरिशस २० अंश दक्षिण. वादळांचे ऋतू मात्र वेगळे. तेथे चक्रीवादळे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतात.

मुंबईहून मॉरिशसला नेलेली पहिली मोठी तुकडी मजुरांची नव्हती, कैद्यांची होती. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी काळ्या पाण्याची शिक्षा म्हणून या बेटावर पाठवले गेले. रस्ते आणि पूल बांधण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले गेले. १८३६ साली चार्ल्स डार्विन येथे थांबला, तेव्हा त्यानेही या हिंदी कैद्यांची नोंद केली. मराठी वंशजांच्या कौटुंबिक आठवणींत हा अध्याय क्वचितच येतो आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु इतिहासाला तो वगळता येत नाही.

मजुरांचा अध्याय २ नोव्हेंबर १८३४ पासून मोजला जातो. त्या दिवशी 'ॲटलस' या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला पोहोचले. ब्रिटिशांनी याला 'महान प्रयोग' म्हटले. गुलामांऐवजी करारबद्ध 'मुक्त' मजूर आणून साखर पिकते का, हे येथे पाहायचे आणि पिकली तर तोच नमुना कॅरिबियनला लावायचा. 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले आणि करारावर अंगठा उठवणारा 'गिरमिटिया' झाला. मुदत सामान्यतः पाच वर्षे, महिना पाच रुपये आणि शिधा. प्रत्यक्षात एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारी पडलेला माणूस महिनाअखेर मालकाचाच देणेकरी ठरू शके.

१८३८ च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजे कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला पोहोचली. तेथील छळाच्या आणि मॉरिशसमधील फसवणुकीच्या बातम्यांनी इतका गदारोळ झाला की १८३९ साली कंपनी सरकारला मजूर पाठवण्यावर बंदी घालावी लागली. पण मळेवाल्यांचा दबाव मोठा होता. १८४२ च्या कायद्याने मॉरिशसची वाट पुन्हा खुली झाली, आणि ती तीन बंदरांतून: कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. १८४४ च्या कायद्याने जमैका, त्रिनिदाद आणि ब्रिटिश गयाना यांची वाट खुली झाली, तेव्हा बंदरे उरली दोनच: कलकत्ता आणि मद्रास.

मराठी त्रिनिदाद का घडला नाही, याचे उत्तर बरेचसे या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आहे. मुंबईचे नाव दुसऱ्या यादीत असते, तर पोर्ट ऑफ स्पेनच्या आसपास एखादी मालवणी वाडी वसली असती, ही कल्पना अगदीच अवास्तव नाही. जिथे बंदर, तिथे मळेवाल्यांचा एजंट. जिथे एजंट, तिथे खेडोपाडी फिरणारा भरती करणारा दलाल. कॅरिबियनचे सारे जाळे हुगळीच्या काठी विणले गेले आणि म्हणून तेथे गेलेली भाषा प्रामुख्याने भोजपुरी-अवधी वळणाची राहिली. त्रिनिदादला गेलेले पहिले जहाज 'फतेल रझाक' ३० मे १८४५ रोजी, शंभरहून अधिक दिवसांच्या प्रवासानंतर पोहोचले. त्या तुलनेत मुंबईहून मॉरिशस फारच जवळ होते. एकूण आकडे पाहिले तर मॉरिशसला सुमारे साडेचार लाख, ब्रिटिश गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार आणि जमैकाला सुमारे ३६ हजार भारतीय मजूर गेले. मॉरिशसच्या साडेचार लाखांत मुंबई बंदराचा वाटा दहाव्या हिश्श्याहून कमी. संख्येने लहान, पण एका भाषेला बेटावर पाय रोवता येईल इतका मोठा.

कोकणातून माणूस निघत होता त्याची कारणे स्थानिक होती. कातळाची जमीन, एका पावसावरचे भातपीक आणि वर खोतीचा जाच. खोत हा सरकारसाठी सारा वसूल करणारा, पण कुळाच्या दृष्टीने तोच सरकार. (ही पद्धत इतकी चिवट होती की १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडावे लागले आणि ती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.) पेशवाई १८१८ साली बुडाल्यावर शिपाईगिरीच्या अनेक वाटाही बंद झाल्या होत्या. मुंबईत गोदी होती, पण गिरण्या अजून उभ्या राहिलेल्या नव्हत्या. पहिली कापड गिरणी सुरू झाली ती १८५० च्या दशकात. कोकणी माणसाला मुंबई मिळण्याआधी मॉरिशस मिळाले, ही बाब आपण सहसा विसरतो.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली स्थलांतरितांचा तळ उभारला गेला. बोटीतून उतरून १६ पायऱ्या चढल्या की नोंदणीची खोली. लोक त्या जागेला 'कुली घाट' म्हणत. आज ते 'आप्रवासी घाट' आहे आणि २००६ पासून युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ. पायऱ्यांचा घाट हा हिंदी अर्थाचा शब्द. कोकणी माणसाच्या कानात 'घाट' म्हटले की आधी डोंगर उभा राहतो, आणि नेमका त्याच काळात इकडे त्या दुसऱ्या घाटातही माणसांची प्रचंड मागणी निर्माण झाली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. वर्षभरातच, १ मे १८५४ रोजी, ती खाडी ओलांडून, पारसिकच्या पायथ्याशी बोगदे फोडून, आज जिथे दिवा आणि डोंबिवली आहेत त्या खारपड पट्ट्यातून कल्याणला पोहोचली. पुढे रेल्वे सह्याद्रीला भिडली. बोर घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पूर्ण झाले. काम ऐन भरात असताना तेथे एकाच वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कोसळणाऱ्या दरडी यांनी त्यांतील हजारो माणसे गिळली. मॉरिशसच्या मळ्यापेक्षा बोर घाट सुरक्षित होता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण तो जवळ होता आणि तेथून पावसाळ्यात शेतीला परतता येत होते.

पाठोपाठ १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मजुरी वाढली, बंदर गजबजले. १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईहून मॉरिशसला जाणारा मजुरांचा ओघ जवळजवळ आटला. कलकत्त्याचा ओघ मात्र विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. मॉरिशसमधील मराठी समाज संख्येने लहान राहिला, याची काही कारणे अशी या ठाणे-कल्याणच्या रुळांशेजारी सापडतात. आज कोकणवासीयांना गावी नेणारी लोखंडी वाट दिव्याहून फुटते. तिच्या पणजीने एके काळी त्यांचे समुद्रापार जाणे थांबवले होते.

गेलेल्यांचे पुढे काय झाले? मळ्यावर त्यांना राहण्यासाठी छावण्या मिळाल्या, ज्यांतून काही वर्षांपूर्वीच गुलाम बाहेर पडले होते. बायका फार थोड्या गेल्या; सुरुवातीच्या जहाजांत तर जवळजवळ नव्हत्याच. ज्या पुरुषाला मराठी बायको मिळाली नाही त्याने भोजपुरी किंवा अन्य बोलीच्या स्त्रीशी संसार मांडला आणि मुलांची जीभ आईकडे गेली. छावणीची समाईक बोली भोजपुरी झाली, बाजाराची क्रिओल. नावांचेही तसेच. इंग्रज कारकुनाने ऐकू येईल तसे नाव लिहिले, आणि बापाचे किंवा स्वतःचे पहिले नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून आज मॉरिशसच्या मराठी घरांत सावंत-राणे कमी भेटतात आणि शेवटी 'जी' असलेली, एके काळी कुणाची तरी पाळण्यातली असलेली नावे आडनावे म्हणून अधिक भेटतात.

करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने 'जुन्या' स्थलांतरितालाही छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. परवाना घरी राहिला तर भटक्या म्हणून अटक. याविरुद्ध १८७१ साली ९,४०१ मजुरांनी सही-अंगठ्यांचा अर्ज केला. तो तयार करण्यात आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेवाल्याचा पुढाकार होता आणि त्यासाठी त्याला गोऱ्या समाजाचा रोष, अगदी मारहाणही, सहन करावी लागली. परिणामी शाही चौकशी आयोग आला. त्याच्या दोन सदस्यांपैकी एक, विल्यम एडवर्ड फ्रिअर, हा मुंबई इलाख्यात नोकरी केलेला अधिकारी. आणि मॉरिशसला येण्याआधी तो ब्रिटिश गयानातील मजुरांच्या चौकशीवरही बसला होता. एकाच माणसाने दोन महासागरांतील उसाचे मळे तपासले आणि दोन्हीकडे तीच कुरकुर ऐकली: कापलेली मजुरी, बंद फाटक, मळेवाल्यांच्या बाजूला झुकलेला न्यायाधीश. आयोगाचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला. साखरेची व्यवस्था ही एखाद्या दुष्ट मालकाची करणी नव्हती, तो एक साचा होता. तो पटण्यासाठी फ्रिअरचा हा प्रवास पुरेसा आहे.

याच सुमारास साखरेचे भाव घसरू लागले आणि मळेवाल्यांनी कडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. हिंदी मजुरांनी त्या पैसापैसा साठवून घेतल्या. छावणीतून गाव निर्माण झाले, गावात देऊळ आले. या बेटावरील पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा येथे झाला, अशी परंपरा सांगितली जाते. टिळकांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाला चालना दिली, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. दोन्हींचा काही संबंध होता असे मानण्याचे कारण नाही; कोकणी माणसाला गणपती बसवायला पुण्याची परवानगी कधीच लागलेली नाही.

पण जमिनीची ही गोष्ट अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी मराठी अभिमानाच्या आड येते म्हणून टाळली जाते. गिरमिटिया ज्या मळ्यावर आला तो मळा आफ्रिकन आणि मालागासी गुलामांनी उभा केला होता. मुक्त झालेल्यांनी योग्य मजुरीची मागणी केली तेव्हा मळेवाल्यांनी ती मान्य केली नाही. त्यांनी मुंबई-कलकत्त्याहून स्वस्त माणसे आणली. कोकणी मजुराने कुणाची भाकरी ठरवून हिसकावली नाही. त्याला हे गणित ठाऊकही नव्हते. पण गणित तेच होते. गुलामांच्या वंशजांना जमीन क्वचित मिळाली. पुढे राजकारण आणि सरकारी नोकऱ्या मुख्यतः हिंदी वंशाच्या हाती आल्या, साखर-भांडवल फ्रेंच वंशाच्या हाती राहिले आणि क्रिओल समाज दोन्हींच्या कडेला. १९९९ च्या फेब्रुवारीत 'काया' हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटले. त्या आगीचे सरपण १८३५ सालापासून साठत आले होते. पुढे मॉरिशसने सत्य व न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींचा एकत्र विचार करणारा त्याचा अहवाल २०११ साली आला. हे धैर्य फार थोड्या देशांनी दाखवले आहे.

कॅरिबियनमध्ये हीच दुखरी शीर अधिक उघडी आहे. गयानात आफ्रिकी आणि हिंदी वंशाचे समाज संख्येने तोडीस तोड. शीतयुद्धाच्या काळात छेदी जगन आणि फोर्ब्स बर्नहॅम यांच्या पक्षांमागे वंश उभे राहिले, आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात रस्त्यांवर रक्त सांडले. त्रिनिदादमध्येही मतदानाची रेषा बरीचशी वंशाच्या रेषेवरून जाते. शिवाय लहान बेटांची म्हणून असलेली दुखणी वेगळी: एकच पीक किंवा केवळ पर्यटन, दरवर्षीचे चक्रीवादळ, पुनर्बांधणीसाठी कर्ज, कर्जावर कर्ज, आणि शिकलेल्या मुलांचे लंडन-टोरंटोकडे निघून जाणे.

या जगाशी मराठी माणसाची गाठ पडली ती फार उशिरा आणि क्रिकेटच्या मैदानावर. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजला हरवले. त्या मालिकेत मुंबईच्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. गावसकरांवर त्रिनिदादमध्ये कॅलिप्सो रचला गेला. समोरच्या संघात रोहन कन्हाय होते, गयानातील उसाच्या मळ्यांच्या मुलखातून आलेले, पूर्वज गिरमिटिया. गावसकरांनी पुढे आपल्या मुलाचे नाव रोहन ठेवले. वेंगुर्ल्याकडे मूळ असलेले घराणे आणि बर्बीसच्या मळ्यावरचे घराणे अशी एका नावाने जोडली गेली. दोघांच्या पूर्वजांची बंदरे वेगळी होती, एवढाच काय तो फरक.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. त्याआधी ब्रिटनने त्याच्यापासून चागोस बेटे तोडली आणि पुढे दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभारण्यासाठी तेथील साऱ्या रहिवाशांना हुसकावून लावले. अनेक जण पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. नव्या देशाने हळूहळू उसाबरोबर कापड उद्योग, पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या केल्या. हैती किंवा गयानाच्या तुलनेत तो स्थिरावला. तरी तेथेही २०२० साली 'वाकाशिओ' हे जहाज प्रवाळभिंतीवर रुतले आणि एका तेलगळतीने मासेमारांची पोटे बंद झाली.

मराठीचे या देशात जे झाले ते विलक्षण आहे. घरात ती बोलली जाणे फार कमी झाले. तेथे क्रिओल आहे. पण शाळेत मराठी हा विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती शिकवली जाते, मराठी सांस्कृतिक केंद्राला सरकारी मान्यता आहे. शिरगणतीत 'पूर्वजांची भाषा' असा प्रश्न विचारला जात असे आणि क्रिओल बोलणारा माणूस तेथे अभिमानाने 'मराठी' लिहीत असे. काहींनी तर धर्माच्या रकान्यातही 'मराठी' असेच उत्तर दिले आहे. महाराष्ट्रात कुणी असे लिहिले तर आपण हसू. तेथे मात्र 'हिंदू' या शब्दाने व्यवहारात भोजपुरी-हिंदी गट सुचवला जातो, म्हणून तमिळ, तेलुगू आणि मराठी ही भाषांची नावे समाजांची नावे बनली. जीभ गेली, पण ओळख राहिली. हे भाषेचे जगणे म्हणायचे की मरण, यावर वाद घालावा. पण पाच-सहा पिढ्या गणपतीची आरती क्रिओल उच्चारांत पाठ करणाऱ्यांसमोर तो जपून घालावा. १९९८ साली नोटांवरील तमिळ आणि हिंदी मजकुराचा क्रम बदलला, तेव्हा इतका क्षोभ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. मराठी त्या नोटांवर आधीही नव्हती, नंतरही नाही.

महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची मूळ दप्तरे जपून ठेवली आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, बंदर. १८६० च्या दशकापासूनची छायाचित्रेही आहेत. कुणी पागोटे बांधलेला, कुणी उघड्या डोक्याचा, सगळे कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारे. भारताने २०२४ साली सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासी वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड देण्याची तरतूद केली, तेव्हापासून या दप्तरांना नवे वजन आले आहे. खापरपणजोबांचा क्रमांक शोधून काढणारा एखादा तरुण शेवटी मूळ ठिकाणाच्या रकान्यापाशी पोहोचतो. काही नोंदींत गाव असते, इंग्रज कारकुनाच्या कानाने मोडलेले. काहींत तेवढेही नसते. तेथे एवढेच लिहिलेले असते: मुंबई.